वंटमुरीपर्यंत आणि परत

"शर्यत झाली की सांगतो म्हणालाय दादा," भरमू सहज बोलून गेला, आणि आपण काय बोललो हे ध्यानात आल्यावर त्यानं घाईघाईनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मच्छ्याहून बेळगावच्या बाजाराला येताना तो वाट वाकडी करून वडगावात भावाच्या घरी डोकवायचा. कधी वालाच्या शेंगा, कधी नवे तांदूळ ठेवून जायचा. आजही त्यानं तांदळाचं बोचकं उंबऱ्याच्या आत ठेवलं होतं. त्याची वहिनी मालू रहाटापाशी बसून शेजारच्या मागासाठी कांड्या भरत होती. तिचा हात थांबला नाही. पण बोटांतलं सूत तटकन तुटलं आणि रहाट थोडा वेळ नुसताच फिरत राहिला.

"कशाचं सांगणार हाईत?" तिनं विचारलं.

"न्हाय वैनी, ते... आईनं इचारलंतं. देसूरच्या पोरीचं." भरमूनं तांब्या खाली ठेवला. "मला वाटलं तुला म्हाईत असंल."

"म्हाईत हाय की," मालू म्हणाली.

तिला माहीत नव्हतं. भरमूच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी जाऊन विरला तरी ती तुटलेलं टोक शोधत बसली होती. भिंतीपलीकडे गुंडू विणकराचा माग चालू होता. त्या मागाचा खटका तिला एरवी ऐकूच यायचा नाही. इतक्या वर्षांत तो घरातल्या हवेतच मिसळून गेला होता. आज एकेक खटका सुटा सुटा ऐकू येऊ लागला. सासू दुसऱ्या लग्नाचं बोलते हे तिला ठाऊक होतं. मच्छ्याला सणावाराला गेलं की बाळाबाई ते बोलायचीच, कधी आडून, कधी तोंडावर. पण बोलणं वेगळं आणि पोरगी वेगळी. आता त्या बोलण्याला एक गाव मिळालं होतं, देसूर. त्या गावात कुठल्या तरी परसात एक पोरगी भांडी घासत असेल, अंगानं भरलेली असेल, आणि तिलाही कुणी तरी सांगितलं असेल, शर्यत झाली की कळेल म्हणून. संक्रांतीनंतरच्या रविवारी शर्यत होती. त्या रविवाराची मालूही वाट बघत होती, पण ती वेगळ्या कारणानं. एकदा ती शर्यत पार पडली की पहाटे उठायला नको, बदाम वाटायला नको, पाणी तापवायला नको. तो रविवार तिच्यासाठी अंग टाकायचा दिवस होता. भरमूच्या एका वाक्यानं त्या दिवसाचं तोंडच फिरलं.

तिचा नवरा परशराम खडे बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात कामाला होता. दिवसभर गादीवर मांडी घालून बसायचं, लुगडी उलगडायची, घड्या घालायच्या, बायकांच्या तोंडाकडे बघून त्यांना कुठला रंग आवडला हे ओळखायचं. बोलणं बेताचं. मराठी गिऱ्हाइकाशी मराठी, कानडी गिऱ्हाइकाशी कानडी, आणि घरी आल्यावर दोन्ही नाही. असा हा माणूस सव्वा वर्षापूर्वी दिवाळीच्या सुमाराला एके दिवशी पहाटे उठला, धोतराचा काचा मारला आणि यळ्ळूरच्या रस्त्यानं पळत सुटला. पस्तिशी ओलांडलेला, पोट सुटू लागलेला, कानशिलांवर पांढरं आलेलं. तो परत आला तेव्हा त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं आणि तो परसात ओकला. मालूला वाटलं, झालं, हौस फिटली. दुसऱ्या पहाटे तो पुन्हा गेला. गल्लीतल्या बायका हसायच्या. गुंडूची बायको मनुबाई म्हणायची, "मालू, तुझ्या घोवाच्या पाठी कोण लागलंय गं?" पावसाळ्यात सुद्धा गुडघाभर चिखलातून तो जायचा आणि मालू दार लोटून पुन्हा अंथरुणावर पडायची, पण झोप यायची नाही, कारण तो परत येईपर्यंत पाणी तापलेलं असायला हवं. हळूहळू हसणं थांबलं. तालमीतल्या लोकांनी त्याला बोलावलं, किरमिचाचे बूट दिले, काय खायचं ते सांगितलं. भिजवलेले हरभरे, नाचणीची आंबील, दुधात वाटलेले बदाम. चहा बंद झाला. यंदा किल्ल्यापासून वंटमुरीच्या घाटापर्यंत आणि परत अशी लांब पल्ल्याची शर्यत ठरली, तेव्हा परशरामानं नाव दिलं. जिंकायचं काही नव्हतं. जिंकणारे क्यांपातले, पलटणीचे शिपाई आणि निपाणीकडचे तरणे गडी होते. मग कशाला, असं मालूनं एकदा विचारलं होतं. "बघू," एवढंच तो म्हणाला होता.

बघू. सांगतो. हे दोन शब्द त्याच्याकडे असायचे, आणि दोन्ही पुढच्या कुठल्या तरी दिवसावर टाकलेले असायचे.

त्या संध्याकाळी तो दुकानातून आला, हातपाय धुऊन नेहमीसारखा भिंतीला टेकून बसला आणि त्यानं पाय लांब केले. मालूनं करडईचं तेल कोमट केलं, त्यात कापूर चुरला आणि ती त्याच्या पायाशी बसली. विचारायचं असतं तर आत्ताच विचारता आलं असतं. तिनं शब्दही जुळवले होते. पण पोटरीवर हात ठेवल्यावर ते शब्द कुठं गेले कुणास ठाऊक. गेल्या वर्षभरात तिला त्याच्या तोंडापेक्षा त्याचे पाय जास्त ओळखीचे झाले होते. आधी ते पाय बैठ्या कामाच्या माणसाचे होते, मऊ, पांढुरके, मांडी घालून घालून घोट्यावर घट्टे पडलेले. मग त्यांच्यातून दुसरेच पाय वर आले. पोटरीचा गोळा हाताला दगडासारखा लागू लागला. गुडघ्यामागची शीर दोरीसारखी ताठ. डाव्या मांडीत आत एक गाठ होती, तिथं अंगठा रोवला की तो श्वास आत ओढायचा. हे सगळं तिनं घडवलं होतं. भाकरीच्या पिठासारखं रोज मळून मळून घडवलं होतं. आणि आता हे पाय वंटमुरीपर्यंत जाऊन परत येणार आणि आल्यावर देसूरला जाणार. तिनं त्या गाठीत अंगठा रोवला. नेहमीपेक्षा जोरात, जरा जास्तच वेळ. परशरामानं डोळे मिटले, पण तो हूं की चूं म्हणाला नाही. तिलाच मग कसंसं झालं. तिनं हात सैल सोडला आणि तळव्यांना तुरटीचं पाणी लावायला घेतलं.

लग्न होऊन ती मच्छ्याला आली तेव्हा अजून शेंबडी पोरच होती. बाळाबाईनं तिला भाताची लावणी शिकवली होती. चिखलात पाय कसा टाकायचा, रोप किती खोल दाबायचं, कंबर न मोडता दिवसभर वाकून कसं राहायचं. बाळाबाईचे हात पाण्यानं सुरकुतलेले आणि गार असायचे, ते तिच्या हातावर ठेवून ती म्हणायची, "असं. असं दाब. जीव घिऊ नको त्येचा." ती सासू तेव्हा तिला आईसारखी वाटली होती. मग परशरामाला शहरात काम लागलं, वडगावात या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या, आणि मूल न होता वर्षांमागून वर्षं गेली. बाळाबाईचे हात दूर होत गेले. आधी काळजीनं, मग विचारपूस करत, मग नुसतेच. औषधं झाली. कडू काढे झाले, ते प्यायलं की दिवसभर जिभेला जेवण लागत नसे. सौंदत्तीच्या देवीला जाऊन झालं. एकदा, फार वर्षांपूर्वी, महिना चुकला होता. ते दिवस मालूला अजून आठवतात. ती रस्त्यानं चालताना पोटावर पदर घेऊन चालायची, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. गुंडूच्या मागाचा आवाज पोटात जाऊ नये असंही तिला वाटायचं. मग एके दुपारी कांड्या भरता भरताच सगळं संपलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. उठली, न्हाली आणि पुन्हा रहाटापाशी बसली. गेल्या आषाढात मनुबाईच्या सांगण्यावरून ती पाच मंगळवार मंगाईच्या देवळाला ओलेत्यानं फेऱ्या घालायला गेली. पाऊस, वारा, दातावर दात वाजायचे. परशराम देवळाच्या पायरीशी तिचं कोरडं लुगडं काखेत धरून, डोक्यावर घोंगडं घेऊन उभा असायचा. फेऱ्या संपल्या की लुगडं पुढं करायचा. तेव्हा तिला वाटलं होतं, हा माणूस बोलत नाही, पण उभा तरी राहतो. तेवढ्यावर तिनं पावसाळा काढला होता.

शर्यतीपर्यंतचे दिवस तिनं जाग आणि झोप यांच्या मधल्या कुठल्या तरी पट्टीत काढले. सगळं नेमून दिल्यासारखं केलं. पाणी, आंबील, तेल. एकदा बदाम वाटताना हात थांबला आणि वाटलं, यात मीठ घालावं मूठभर. घातलं नाही. संक्रांतीला गल्लीतल्या बायका वाणं घेऊन आल्या, तिनं तिळगूळ दिला, घेतला, गोड बोलली. आदल्या दिवशी परशराम दुकानातून लवकर आला. त्यानं बुटांना नाड्या बांधून पाहिल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. "उद्या येतीस न्हवं?" त्यानं विचारलं.

"येऊ?"

"ये की. मनुबाईला घिऊन ये."

तिला वाटलं आता तो पुढं काही बोलेल. तो बूट उशाशी ठेवून झोपी गेला.

सकाळी किल्ल्यापाशी बरीच गर्दी होती. मांडव घातला होता, बँड होता, ऊस विकणारे होते. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं आणि त्या धुक्यात बनियन घातलेले गडी थंडीनं कुडकुडत जागच्या जागी उड्या मारत होते. परशराम सगळ्यांत मागं उभा होता. कोवळ्या पोरांत तो कुणाचा तरी बाप असल्यासारखा दिसत होता, आणि हा शब्द मनात आला तशी मालूनं मान फिरवली. शिट्टी झाली. धूळ उठली आणि खाली बसली. पळणारे गेल्यावर लोकांना काही करायला उरलं नाही. ते ऊस खात, गप्पा मारत उन्हाची वाट बघत बसले. मालू आणि मनुबाई एका झाडाखाली बसल्या. ऊन वर आलं. आणखी वर आलं. मग वंटमुरीच्या वाटेवर, काकतीच्या बाजूनं आरडाओरडा झाला आणि क्यांपातला एक शिपाई पहिला आला, त्याच्या मागं निपाणीकडचा बाळगोंडा म्हणून एक तरणा गडी. बँड वाजला. एकेक, दोन-दोन असे बाकीचे येत गेले. काही हसत, काही लंगडत, एकाला दोघांनी धरून आणलं. मनुबाई दर वेळी उठून बघायची आणि बसायची. शेवटी म्हणाली, "मी जातो बाई. घरी चूल पेटवाय पायजे. तू थांब, येतीलच आता."

मालू थांबली नाही. ती काकतीच्या रस्त्यानं चालू लागली. कशासाठी ते तिला सांगता आलं नसतं. मांडवातल्या लोकांच्या नजरा नको होत्या, एवढं खरं. रस्ता पांढरा, रखरखीत. अधूनमधून एखादी मोटार धुरळा उडवत जायची आणि मग कितीतरी वेळ काही नाही. वाटेत एका चिंचेखाली ती बसली. पुढं रस्ता चढ घेऊन वळत होता आणि त्या वळणावर कुणीच नव्हतं. ती वळणाकडं बघत राहिली. बघता बघता तिच्या मनात आलं, येऊच नये त्यानं. कसं, काय, हे नाही. नुसतं हेच की ते वळण असंच रिकामं राहावं. म्हणजे मग कुणी काही सांगणार नाही. कुणी विचारणार नाही. ती इथंच या सावलीत बसेल, संध्याकाळ होईल, आणि तिला उठावं लागणार नाही. तो विचार इतका थंड आणि बरा वाटला की ती त्यात थोडा वेळ नुसती पडून राहिली, आणि मग आपण काय मागत होतो हे कळून तिच्या अंगावर काटा आला. तिनं कपाळावरच्या कुंकवाला हात लावला. घामानं ते ओलं झालं होतं. आपण इतके थकलो आहोत हे तिला माहीत नव्हतं. माणूस मरावा असं वाटण्याइतके थकलो आहोत.

तेवढ्यात तो वळणावर दिसला. तो पळत नव्हता. चालतही नव्हता. एकेक पाय दुसऱ्याचा असावा तसा उचलून पुढं ठेवत होता. बूट पायांत नव्हते, कुठं तरी काढून टाकले होते. जवळ आल्यावर तिला दिसलं, त्याचे ओठ फुटले होते, डोळे उघडे होते पण त्यात कुणी नव्हतं. ती उठून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तो तिच्यापाशी आला, थांबला, आणि त्यानं तिच्याकडं बघून विचारलं, "बाई, किल्ला अजून लई लांब हाय काय वो?"

एवढ्या वर्षांत त्यानं तिला 'वो' म्हटलं नव्हतं.

"न्हाय," ती म्हणाली. "जवळच हाय. असंच सरळ जावा."

"बरं," तो म्हणाला आणि पुढं गेला. ती त्याच्या मागून चालत राहिली, थोडं अंतर ठेवून. मुरमाड रस्त्यावर त्याच्या पावलांचे ओले काळसर डाग पडत होते आणि ती त्यांच्यावर पाय पडू न देता चालत होती. किल्ल्यापाशी मांडवाचे बांबू सोडणं चाललं होतं. बँडवाले गेले होते. कुणीतरी एकानं टाळ्या वाजवल्या, मग तोही ओशाळून थांबला. परशराम खुणेच्या रेषेवर आला आणि गुडघ्यांवर बसला. मालूनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं तेव्हा त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "तू कवा आलीस?"

टांग्यातून घरी आणलं, उचलून आत घेतलं. पुढचे दिवस ताप होता. तळव्यांची कातडी सोलून निघाली होती, अंगठ्यांची नखं काळी पडली. त्याला उंबरा ओलांडता येत नव्हता. परसात जायचं तर एक हात भिंतीवर आणि एक मालूच्या खांद्यावर. तिनं निर्गुडीचा पाला उकळून शेक दिला, मांड्यांना पाला बांधला. दुकानातून माणूस येऊन चौकशी करून गेला. घोट घोट पेज घेऊन तो झोपायचा, दिवसाढवळ्या, तोंड उघडं टाकून, आणि मालू रहाटापाशी बसून त्याच्याकडं बघायची. शर्यत झाली होती. आता सांगणं राहिलं होतं. तो डोळे उघडायचा तेव्हा ती रहाट थांबवायची. तो पाणी मागायचा आणि पुन्हा डोळे मिटायचा. मग तिला कळलं की आपण भीतसुद्धा नाही आहोत. कंटाळलो आहोत. जे काय असेल ते एकदाचं घरात येऊन बसावं, त्यालाही ताट वाढू, असं वाटण्याइतके कंटाळलो आहोत.

ताप उतरला त्याच आठवड्यात भरमूच्या गाडीतून बाळाबाई आली. येताना कुळीथ आणि गूळ घेऊन आली. लेकाच्या पायांकडं बघून तिनं तोंडाला पदर लावला, तळव्यांवर फुंकर घातली, शिव्या दिल्या, आणि मग भिंतीला टेकून बसत म्हणाली, "झाली न्हवं शर्यत?"

"झाली," परशराम म्हणाला.

"मग? देसूरची मानसं थांबल्यात. त्यास्नी काय सांगू?"

भरमू उठून बैलांकडं गेला. मालू चुलीपाशी होती. ती हात पुसत बाहेर आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "सांगून टाका एकदाचं," ती म्हणाली. "माझ्याकडं बघू नकासा."

परशरामानं तिच्याकडं पाहिलं नाही. तो आपल्या पायांकडं बघत होता. "न्हाय म्हणून सांग आई," तो म्हणाला.

"का? हिला भिऊन?"

"हिला भिऊन न्हाय. ती पोरगी आली तरी हेच हुणार. तिला बी हुणार न्हाईत पोरं." त्यानं घसा साफ केला. "खोट माझ्यात हाय. क्यांपातल्या डाक्टरनं तपासलंय. मिसरूड फुटत हुतं तवा गालगुंडं आलती न्हवं मला, खाली उतरलीती. तवापासनं."

"डाक्टर काय देव हाय?" बाळाबाई उसळून म्हणाली. "गालगुंडं सगळ्यांस्नी येत्यात. म्या लेप लावलाता की. रोज लावत हुतो. आठ दिस तू..." बोलता बोलता तिचा आवाज खाली खाली गेला आणि थांबला. ती कुठं तरी मागं गेली होती. त्या अंथरुणापाशी, कण्हणाऱ्या पोराच्या उशाशी, लेपाची वाटी घेऊन बसलेल्या एका तरण्या बाईपाशी. तिला तेव्हा कुणी काही बोललं होतं की तिचं तिलाच तेव्हा काही वाटून गेलं होतं, हे तिच्या तोंडावरून कळेना. पण तिनं पुढं वाद घातला नाही.

मालूनं विचारलं, "कवा सांगितलं डाक्टरनं?"

"गेल्या साली. दसऱ्याच्या आदी."

भिंतीपलीकडं माग थांबला होता, गुंडू जेवायला उठला असावा. त्या शांततेत मालूला आधी काहीच वाटलं नाही. मग एकेक गोष्ट आपसूक येऊन जागेवर बसू लागली. फार वर्षांपूर्वीचा तो महिना नुसताच चुकला होता. दसऱ्याच्या आधी. पळणं सुरू झालं दिवाळीला. आणि मंगाईच्या फेऱ्या त्यानंतरच्या आषाढात. पाच मंगळवार. हा तेव्हा पायरीशी उभा होता, लुगडं काखेत धरून, आणि याला माहीत होतं. ती थंडीनं काळीनिळी होऊन देवीपुढं पदर पसरत होती आणि याला माहीत होतं. तिला वाटलं आपण आता ओरडू. पण ओरडायला जे लागतं ते तिच्यात उरलंच नव्हतं. ओझं उतरलं तरी मान वर होत नाही तसं झालं होतं.

"मग पळालासा कशाला?" ती म्हणाली.

"म्हाईत न्हाय." त्यानं तळव्यावरची सोललेली कातडी चाचपली. "बसलं की ते आठवायचं. दुकानात बसलं की, घरात बसलं की. पळताना आठवायचं न्हाय. दम लागला की दुसरं काय आठवत न्हाय." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "वंटमुरीला पोचलो तवा वाटलं, हितनं परत जायचंच न्हाय. तसंच म्होरं जावं, संकेश्वर, निपाणी, कुठं बी. खरं तिथं खुर्ची टाकून एक माणूस बसलाता. 'वळा' म्हणाला. वळलो."

चुलीवर कुळथाचं माडगं उतू गेलं आणि त्याचा जळका वास आला. मालू हलली नाही. बाळाबाईच हातांवर भार देऊन उठली, आत गेली, तिनं भांडं उतरवलं. बऱ्याच वेळानं तिनं आतून हाक मारली, "मालू, ये. खाऊन घे." मालू आत गेली तर ताट वाढलेलं होतं, एकच. बाळाबाई समोर बसून होती. मालू जेवली. मान खाली घालून, घास मोजल्यासारखी नाही तर भुकेल्या माणसासारखी जेवली. बाळाबाईनं न विचारता पुन्हा भात वाढला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती.

भरमूनं गाडी जुंपली तेव्हा मालू आपलं एक लुगडं पिशवीत घालून बाहेर आली. "आत्ती," ती सासूला म्हणाली, "मला बी मच्छ्याला यायचं हाय तुमच्यासंगं."

बाळाबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि गाडीतला कडबा सारून जागा केली.

परशराम भिंत धरत धरत उंबऱ्यापर्यंत आला होता. तिथं थांबला. "आणि मी?"

"तांदूळ हाईत. चूल हाय," मालू म्हणाली. "लागलं तर मनुबाईला हाक मारा."

"परत कवा येणार?"

'बघू' असं तिला म्हणायचं नव्हतं. "म्हाईत न्हाय," ती म्हणाली. ते खरं होतं. गाडी निघाली.

वाटेत कापणी झालेली खाचरं उन्हात फाटून पडली होती. चाकाच्या धक्क्याबरोबर तिचं डोकं बाळाबाईच्या खांद्यावर आदळत होतं. तिनं ते दोन वेळा सावरलं, मग तिथंच राहू दिलं. मच्छ्याला पोचल्यावर बाळाबाईनं सोप्यात घोंगडं टाकलं आणि ती म्हणाली, "पड." एवढंच. मालू पडली. अंगाखाली घोंगड्याची खरखर होती, गोठ्यातून शेणाचा ऊबदार वास येत होता. तिला वाटलं झोप येणार नाही, वर्षभरात झोपेची सवयच मोडली आहे. तिनं डोळे मिटले.

कधी तरी तिला बाहेर बायकांचे आवाज ऐकू आले. शेजारपाजारच्या दोघी-तिघी होत्या. गाडीतून कोण आलं हे त्यांनी पाहिलं होतं. देसूरचं काय ठरलं, परशराम काय म्हणाला, हिला कशाला आणलंस, असं काहीबाही दबक्या आवाजात चाललं होतं. मग बाळाबाई उंबऱ्यात आली असावी, कारण दारातला उजेड अडला.

"हळू बोला गं," ती म्हणाली. "माझी सून झोपलीया. काय इचारायचं ते मला इचारा, खरं आत्ता न्हाय."

बायका थोडा वेळ घुटमळल्या आणि गेल्या. मालूला पुढचं ऐकायचं होतं, पण ती कुशीवर वळली आणि तिला पुन्हा झोप लागली.